खाट क्रमांक सातची गाठ

माझ्या मानेवरची गाठ शस्त्रक्रियेनं यशस्वीरीत्या काढण्यात आली असून रुग्णाची प्रकृती उत्तम आहे.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाहीत असं समजा. मीही ते लिहिलं नाही असं समजतो, आणि आपण गाठ जिथं होती तिथूनच सुरुवात करू. म्हणजे मानेच्या मागे, कॉलरच्या बरोबर वर.

गाठ लिंबाएवढी होती. डॉक्टर मंडळींना फळांशिवाय माप सांगता येत नाही. बाबांना हे पटलं नाही. त्यांचं उभं आयुष्य दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात गेलंय. लिंबं लहानमोठी असतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी मला खुर्चीत बसवून पट्टी लावली आणि "तीन सेंटिमीटर, वर दोन रेघा" असा निकाल दिला. गाठ साध्या चरबीची होती. "निरुपद्रवी आहे," डॉक्टर म्हणाले. ज्याच्या मानेवर नसते त्याला सगळ्याच गाठी निरुपद्रवी. मी मात्र वर्षभर पालथा झोपत होतो. हेल्मेट बसत नव्हतं म्हणून स्कूटर जिन्याखाली धूळ खात होती, मी बसनं जात होतो, आणि बसमध्ये मागच्या सीटवरची माणसं मला वगळून थेट गाठीशी बोलत होती. "फार दिवस झाले का हो?" असं मागून कुणीतरी विचारायचं. मी उत्तर द्यायला वळलो की गाठ दिसेनाशी व्हायची आणि त्यांचा हिरमोड व्हायचा.

तर सात महिने रांगेत काढल्यावर मला तारीख मिळाली. सकाळी आत, संध्याकाळी घरी. मुक्काम नाही, डबा नाही, भेटायला येणाऱ्यांची गर्दी नाही. "तारीख चुकली तर नाव यादीच्या शेवटी जाईल," खिडकीतल्या बाईंनी बजावलं, "आणि यादीचा शेवट आता सात महिन्यांवर नाही, अकरा महिन्यांवर आहे." त्यांनी एक छापील कागद माझ्याकडे सरकवला. त्याचं शीर्षक होतं: 'रुग्ण व सोबतची जबाबदार व्यक्ती यांच्यासाठी सूचना'. खाली चौदा कलमं.

इथं माझ्या पोटापाण्याबद्दल सांगणं भाग आहे. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. नवीन धुलाई यंत्राच्या खोक्यात जी पुस्तिका असते, आणि जी तुम्ही न वाचता माळ्यावर टाकता, ती मी लिहिलेली असते. 'यंत्र चालू असताना आत डोकावू नये' हे माझं वाक्य आहे. सूचना हा माझा धंदा आणि, खरं सांगायचं तर, माझी श्रद्धा. त्यामुळे तो कागद मी घरी आणला तेव्हा घरात सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचला.

पहिला पेच पडला तो 'जबाबदार व्यक्ती' या शब्दांवर.

"म्हणजे मीच," आई म्हणाली.

"तुला इंजेक्शन बघून रडू येतं," ताई म्हणाली. "टीव्हीवरचं इंजेक्शन बघूनसुद्धा."

"ते इंजेक्शन मोठं होतं."

"मी जाते," ताई म्हणाली. "मी सुट्टी टाकते."

यावर बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ते रागावले की वर्तमानपत्राची घडी घालतात. जास्त रागावले की तिची आणखी एक घडी घालतात. त्या दिवशी वर्तमानपत्र रुमालाएवढं झालं.

"या घरात जबाबदार व्यक्ती कोण, हा प्रश्न आज पहिल्यांदाच निघतोय," ते म्हणाले. "चौतीस वर्षं मी सरकारी शिक्का सांभाळलाय."

"पण बाबा, तुम्हाला मागच्या महिन्यात चक्कर..."

"ती बसायला आली होती. गेली."

म्हणजे बाबा ठरले. यात माझं मत कुणी विचारलं नाही. मी सत्तावीस वर्षांचा आहे, पण आमच्या घरात मला अजून 'याला' असं म्हणतात. "याला दूध दे." "याला विचारू नको, याला काय कळतंय?" जबाबदार व्यक्ती असा माझा उल्लेख आजवर कुणी, कधी, कुठल्याही कागदावर केला नव्हता. हे लक्षात असू द्या. माझा घात यातूनच झाला.

तेवढ्यात दार न वाजवता वरच्या मजल्यावरचे काका आले. यांना सगळी इमारत 'दुसरं मत' म्हणते. तुम्ही काहीही ठरवा, नळाला कुठला प्लंबर बोलवायचा इथपासून कुत्र्याचं नाव काय ठेवायचं इथपर्यंत, काका दुसरं मत घेऊन हजर.

"कापू नकोस," ते म्हणाले. "गाठ म्हणजे शरीराची बचत असते. माझ्या मेव्हण्यानं काढली आणि तेव्हापासून त्याला ऐकू कमी येतं."

"गाठ कुठं होती त्यांची?"

"पायाला."

दुसऱ्या मताला तिसरा प्रश्न विचारायचा नसतो.

"बरं, कापतोच आहेस तर एक लक्षात ठेव," त्यांनी आवाज खाली आणला. "हॉस्पिटलात कागद सांगतो तसं वागायचं. एक कलम चुकलं की परत पाठवतात. माझ्या साडूला नखं वाढली म्हणून परत पाठवलं."

आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यांचं मत पटलं. मी कागद पुन्हा वाचायला घेतला, आणि बाबांनी तो कळीचा प्रश्न विचारला.

"हे काही खायचं नाही वगैरे, ते फक्त तुलाच का?"

साध्या माणसानं "अर्थात!" म्हटलं असतं. पण मी व्यावसायिक आहे. मी शीर्षकावर बोट ठेवलं. "रुग्ण व सोबतची जबाबदार व्यक्ती यांच्यासाठी," मी म्हणालो. "कलमांमध्ये कुठंही वेगळं केलेलं नाही. आमच्या पुस्तिकेत 'यंत्र व झाकण पुसून घ्यावे' असं लिहिलं, तर झाकण सोडून देतात का?"

ताईनं कपाळावर हात मारला. "अरे, झाकणाला कोण भूल देणार आहे?"

"ते त्यांनी लिहायला हवं होतं," मी शांतपणे म्हणालो.

बाबांचे डोळे चमकले. चौतीस वर्षं नियम दुसऱ्यांना लावण्यात गेली होती; आता एक नियम स्वतःला लावून घ्यायची संधी आली होती. "बरोबर बोलतोय हा," ते म्हणाले. ते मला बरोबर म्हणाले! त्या क्षणी कागदात 'दोघांनी गच्चीवरून उडी मारावी' असं कलम असतं तर मी त्याचंही समर्थन केलं असतं.

आणि मग तयारी सुरू झाली. कलम तीन: नखं कापावीत. आम्ही बापलेक खिडकीत बसून वीस बोटांची, म्हणजे एकूण चाळीस, नखं कापली. कलम चार: शस्त्रक्रियेच्या जागेवरचे केस काढावेत. आम्ही दोघं सलूनमध्ये शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलो. "मानेवरचे पूर्ण काढा," बाबा म्हणाले. "दोघांचे?" न्हाव्यानं विचारलं. "शीर्षक वाचा," बाबा म्हणाले आणि कागद त्याच्यापुढे धरला. न्हाव्यानं कागद वाचला, आमच्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणापासून काम होईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. न्हाव्याला गप्प करणारा दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही.

कलम सात: चष्मा, घड्याळ, अंगठी घरी ठेवावी. कलम आठ: कृत्रिम दात काढून ठेवावेत. बाबांची वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या आहेत. त्यांनी त्या वाटीत पाण्यात ठेवल्या आणि वाटीवर झाकण ठेवून चिठ्ठी लावली: 'यात चहा गाळू नये'. कलम अकरा: सैल, पुढून उघडणारे कपडे. कलम एक, ज्याच्यावर बाकी सगळी उभी होती: आदल्या रात्रीपासून अन्नाचा कण नाही, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही.

"तुम्ही तरी चहा घ्या," आई बाबांना म्हणाली.

बाबांनी मान हलवली. दात नसल्यामुळे ते आता फक्त महत्त्वाचंच बोलत होते.

आम्ही सकाळी सात वाजता हॉस्पिटलात पोचलो. दोघांच्या माना तासलेल्या, दोघं उपाशी, दोघं सैल कपड्यांत. फक्त माझ्या मानेवर गाठ होती आणि बाबांच्या काखेत फाइल. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं ज्यांनी घोळ घातला त्यांचा मी तितकासा दोष मानत नाही. दोन वस्तूंमध्ये फरक एवढाच ठेवला आणि त्यातली एक वस्तू आडवी झाली, तर बघणाऱ्यानं काय करायचं?

खिडकीतल्या बाईंनी माझं नाव, वय, गाठीची बाजू असं सगळं संगणकात घातलं. मग त्यांनी ड्रॉवर उघडून बघितला, बंद केला आणि म्हणाल्या, "मनगटाच्या पट्ट्या संपल्यात."

"मग?"

"मग काय, खाटेला नाव बांधतो. खाट क्रमांक सात. खाटेवरून उठायचं नाही. खाटेवर जो आहे तो तुम्ही."

हे वाक्य तेव्हा मला फार खोल वाटलं. आता वाटत नाही.

मला मागं नाड्या असलेला हिरवा गाऊन दिला. या गाऊनला पुढची बाजू आहे, मागची नाही. ज्यानं तो शिवला त्यानं निम्मंच कापड आणलं असावं. मी खाट क्रमांक सातवर बसलो, बाबा बाजूच्या लोखंडी स्टुलावर. स्टुलाला पाठ नव्हती, गाऊनला पाठ नव्हती, आणि आमच्या आधी पाच जण होते.

आठ वाजले. नऊ वाजले. माझी पाळी नऊची होती. नऊ वाजता सिस्टरनं येऊन सांगितलं की नऊची पाळी अकराला आहे. साडेदहाला मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता आणि ते समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे, चष्मा नसताना, फार लक्ष देऊन बघत होते.

"बाबा, काहीतरी खाऊन या ना."

"कवव एक," बाबा दातांवाचून कलम एकचा दाखला देत म्हणाले, आणि स्टुलावरून सावकाश, एका बाजूला, वजनकाट्याचं पारडं खाली जावं तसे कलले.

मी उडी मारून त्यांना धरलं. दुसरी जागा नव्हती. मी त्यांना उचलून माझ्या खाटेवर आडवं केलं आणि ओरडलो. मस्करी बाजूला ठेवतो. त्या अर्ध्या मिनिटात मला माझी गाठ, तारीख, अकरा महिने, काहीही आठवलं नाही. त्यांचे हात गार होते आणि तोंड, दातांवाचून, लहान मुलासारखं दिसत होतं. हे सगळं मी त्यांच्याकडून करवून घेतलं होतं. शीर्षकावर बोट ठेवून.

सिस्टर धावत आल्या. त्यांनी नाडी बघितली, बोटातून रक्ताचा थेंब घेतला. "साखर उतरलीये. सलाईन लावायला लागेल. तुम्ही कोण यांचे?"

"मुलगा."

"यांच्या सोबतची जबाबदार व्यक्ती तुम्हीच ना?"

बघा हं. सत्तावीस वर्षं. कुणीही, कधीही. आणि इथं एक पांढऱ्या कपड्यांतली गंभीर बाई माझ्या डोळ्यांत बघून विचारत होती.

"हो," मी म्हणालो. "मीच."

"मग इथं सही करा. आणि तो गाऊन काढा आधी! तो रुग्णांसाठी असतो. नातेवाईक काहीही घालून फिरतात."

मी सही केली. गाऊन काढून घरचे कपडे घातले. खरंच सांगतो, सही करताना माझी छाती थोडी फुगली होती.

पाऊण तासानं बाबांच्या गालांवर रंग आला. आता त्यांना उठवून, स्टुलावर बसवून, मी पुन्हा माझ्या जागी आडवा होणार, तोच मोठे डॉक्टर आले. मोठे डॉक्टर कधी एकटे येत नाहीत. त्यांच्यामागं सहा शिकाऊ डॉक्टर होते आणि सहाच्या सहा जण लिहीत होते. डॉक्टरांनी खाटेला बांधलेला कागद वाचला.

"वय सत्तावीस," ते म्हणाले. मग बाबांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "व्यायाम सुरू करा," ते म्हणाले. सहा जणांनी लिहून घेतलं.

त्यांनी बाबांना कुशीवर वळवलं, तासलेल्या मानेवरून बोटं फिरवली. इकडून फिरवली, तिकडून फिरवली. "गाठ कुठाय?"

"डॉक्टर," मी पुढं झालो, "गाठ माझ्या मानेवर आहे. हे माझे वडील. रुग्ण मी आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. मग ते शिकाऊ डॉक्टरांकडे वळले. "हे बघा. जवळच्या नातेवाईकाला रुग्णाचं दुखणं स्वतःला झाल्यासारखं वाटतं. पुस्तकात वाचता ना? आज बघायला मिळालं."

"अहो, हात लावून तरी बघा!"

"बाह्यरुग्ण विभाग मंगळवारी," ते म्हणाले. "वडलांची काळजी घ्या. तुम्ही खचून चालणार नाही."

"बाबा, तुम्ही सांगा ना!" मी म्हणालो.

बाबांनी सांगितलं. मोठं, मुद्देसूद, नियमांचा दाखला देऊन सांगितलं. पण दात वाटीत होते. डॉक्टर त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "भूल अजून उतरलेली नाही. बोलू नका." आणि त्यांनी कागदावर लिहिलं: 'मानेवर गाठ नाही. जखम नाही. उत्तम. घरी सोडावे.'

मी तो कागद घेऊन खिडकीकडे पळालो. खिडकीतल्या बाईंनी तो वाचला आणि काहीतरी टाइप केलं. यंत्रातून पावती बाहेर आली: 'शस्त्रक्रिया यशस्वी'.

"अहो, शस्त्रक्रिया झालीच नाही!"

"दाखल झालात, घरी सोडलं. मधल्या रकान्यात एवढा एकच पर्याय येतो."

"पण गाठ आहे ना अजून! ही बघा." मी पाठ फिरवून खिडकीत मान घातली.

"मी बघत नाही. मी नोंदणी आहे," बाई म्हणाल्या. "नवीन गाठ असेल तर नवीन नाव घालते. अकरा महिने. नवीन आहे का?"

"नाही हो, जुनीच आहे."

"जुनी काढली."

माझ्यामागच्या रांगेतला एक माणूस पुढं वाकला आणि माझ्या मानेशी म्हणाला, "फार दिवस झाले का हो?"

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन मार्ग सांगितला. नोंद दुरुस्ती समिती आहे. तिच्याकडे अर्ज केला, तर झालेली शस्त्रक्रिया न झालेली करून मिळते आणि रांगेतली जुनी जागा परत मिळते. फक्त अर्जाला प्रयोगशाळेचा अहवाल जोडावा लागतो. मी प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या माणसानं हात पुढं केला. "बरणी?"

"कसली बरणी?"

"काढलेली गाठ बरणीत आणायची. ती तपासून, काढलेली गाठ तुमची नाही असा अहवाल देतो."

"पण ती काढलेलीच नाही."

"मग कशाचा अहवाल देऊ?" तो म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. त्या इमारतीत माझ्याशिवाय सगळ्यांचंच बरोबर होतं.

आम्ही रिक्षा करून घरी आलो. जिन्यातच सगळी इमारत जमली होती. आईनं पावती वाचली, 'यशस्वी' या शब्दाला हात लावला आणि रडली. मग तिनं बाबांना आधार देऊन कॉटवर झोपवलं, कारण दोघांत आजारी तेच दिसत होते. दुसऱ्या मतानं केळी आणली ती बाबांच्या उशाशी ठेवली. "धीराचे आहात," ते बाबांना म्हणाले. "कळलंसुद्धा नसेल."

बाबांनी तोवर दात घातले होते. मला वाटलं, आता ते सगळा खुलासा करतील. त्यांनी उशाशी ठेवलेलं एक केळं सोललं.

"काही म्हणा," ते म्हणाले, "मान हलकी वाटतेय."

"याला म्हणावं, चहा ठेव सगळ्यांना," आई आतून म्हणाली.

मी चहा ठेवला. सात कप. ताई ओट्याशी येऊन उभी राहिली. मला वाटलं टोमणा मारणार. तिनं माझ्या मानेवर हात ठेवला, गाठीवर, हळूच. "आहे रे," ती म्हणाली. "तिथंच आहे." त्या दिवशी माझ्या गाठीला हात लावून बघणारी ती एकटीच. मग तिनं ड्रॉवरमधून कोरा कागद काढून माझ्यापुढं ठेवला. "लिही. तुझा धंदाच आहे."

मी लिहिला. तो अर्ज तीन प्रतींत दाखल केलाय, आवक क्रमांकही मिळालाय. त्यातला मुख्य भाग असा:

'मा. अध्यक्ष, नोंद दुरुस्ती समिती, यांच्या सेवेशी. विषय: यशस्वी शस्त्रक्रिया रद्द होणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार विनंती करतो की, अर्जदाराच्या मानेवर सध्या असलेली गाठ ही अस्तित्वात असल्याचे मान्य करण्यात यावे. तसे करणे नियमात बसत नसल्यास, आपल्या रुग्णालयाने यशस्वीरीत्या काढलेली गाठ आठ दिवसांच्या आत, सुस्थितीत, अर्जदारास पूर्वीच्या जागी परत बसवून देण्यात यावी, जेणेकरून अर्जदारास ती रीतसर काढून घेता येईल.'